ढब्बूची वजनाची वही उघडवत नाहीये

ओली_सावली

आमचा ढब्बू गेला त्याला आज नऊ दिवस झाले. गिनी पिग होता, साडेपाच वर्षांचा. कोणाला सांगायला गेलं की आधी गिनी पिग म्हणजे काय तेच सांगत बसावं लागतं आणि तोवर मला जे बोलायचं असतं ते घशातच राहतं, म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, वाचाल तर बरं वाटेल.

तपकिरी-पांढरा, डाव्या कानामागे केसांचा भोवरा, त्यामुळे कायम आत्ताच झोपून उठल्यासारखा दिसायचा. घरी आला तेव्हा पहिला आठवडा नुसता लपायच्या घरात बसून होता, बाहेर आला तो ढब्बू मिरचीची फोड बघून, म्हणून ढब्बू. सोबत त्याचा भाऊ तिळ्या, नाकावर तिळाएवढा काळा ठिपका आहे म्हणून. तिळ्या आहे अजून.

झालं असं की शेवटचे दोन-तीन आठवडे ढब्बू खायला धावत यायचा, तोंडात घ्यायचा आणि टाकून द्यायचा. मला वाटलं कंटाळला असेल त्याच त्या खाण्याला, म्हणून मी रोज काहीतरी वेगळं द्यायला लागले, एक दिवस कोथिंबीर, एक दिवस काकडी, आणि तो प्रत्येक वेळी तेवढ्याच आनंदाने यायचा हो, हेच मला आता सहन होत नाही. हनुवटी ओली दिसायला लागली तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. पुढचे दात एकदम व्यवस्थित होते. आतल्या दाढा वाढल्या होत्या, खालच्या दोन्ही बाजूंच्या आत वळून जिभेवर कमान झालेली आणि जीभ त्याखाली अडकलेली. म्हणजे त्याला भूक होती, खाता येत नव्हतं. भूल देऊन दाढा घासल्या पण तोपर्यंत पोटाचं काम मंदावलं होतं, मग चार दिवस आम्ही दोघं पाळीपाळीने गजर लावून दर दोन-तीन तासांनी सिरिंजने भरवत होतो. पाचव्या पहाटे टॉवेलमध्ये, माझ्या मांडीवर गेला.

आता प्रश्न. आम्ही दर रविवारी दोघांचं वजन करायचो, स्वयंपाकघरातल्या काट्यावर, आणि ते एका वहीत लिहायचो. पहिल्या आठवड्यापासून. त्या वहीतल्या ढब्बूच्या शेवटच्या पाच ओळी अशा आहेत: ११२४, १११८, १०९०, १०६१, १००४. माझ्याच हस्ताक्षरात आहेत. मी स्वतः लिहिलं आणि मला दिसलं नाही. ती वही टाकवत नाही आणि उघडवत पण नाही. नवरा म्हणतो माळ्यावर ठेवून देऊ. मुलगी (साडेनऊ वर्षांची) काहीच म्हणत नाही, फक्त वही जागेवर आहे का ते बघून जाते.

दुसरं म्हणजे माझ्याकडे त्याचे शेकड्यांनी फोटो आहेत पण आवाज नाही. कानामागे खाजवलं की बारीक घुर्रर्र करायचा, सगळं अंग थरथरायचं, फोन पुढे केला की बंद. ते कसं होतं ते मी विसरेन अशी भीती वाटतेय.

आणि तिळ्या कोपऱ्यात बसून असतो. तुम्ही लोक काय करता अशा वेळी, काय ठेवता, काय देऊन टाकता? आठवण ठेवायची म्हणजे नक्की काय करायचं असतं?

———

निळी_छत्री

अगं. वाचताना मध्येच थांबावं लागलं मला.

माझी कापशी गेली त्याला चार वर्षं झाली. ऑफिसमध्ये मी दोन दिवस सुट्टी टाकली आणि कारण लिहिताना "घरगुती" एवढंच लिहिलं कारण खरं लिहिलं असतं तर काय चेहरे झाले असते ते मला माहीत होतं. जवळच्या मैत्रिणीने "उंदरासारखंच असतं ना ते, दुसरा आण" असं म्हटलं. वाईट मनाने नाही म्हटलं तिने, तिला खरंच कळलं नव्हतं. कुत्रा गेला की लोक भेटायला येतात, फोन करतात, आपल्या या छोट्यांचं कोणी विचारत पण नाही. मग आपलं आपल्यालाच वाटायला लागतं की मी जास्त करतेय का.

नंतर कधीतरी वाचनात आलं की याला अभ्यासकांनी नाव दिलंय, केनेथ डोका म्हणून आहेत त्यांनी १९८९ मध्ये या प्रकारच्या दुःखावर लिहिलं, म्हणजे जे दुःख आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मान्यच करत नाहीत ते. नाव आहे हे कळल्यावर मला खूप हलकं वाटलं होतं, का ते सांगता येणार नाही. आपल्या एकट्याचं खूळ नाहीये हे कळलं म्हणून असेल.

तू जास्त करत नाहीयेस. साडेपाच वर्षं रोज सकाळी कोणीतरी तुझ्या पावलांचा आवाज ओळखून शिट्टी मारत होतं. पाच मिनिटं उशीर झाला तर ओरडून घर डोक्यावर घेत होतं. ते थांबलं की सकाळचा आकारच बदलतो ना.

मी काय ठेवलं तर तिची पाण्याची बाटली. सगळे म्हणाले फोटो फ्रेम कर, केली, पण फ्रेमकडे माझं लक्ष जात नाही. बाटलीच्या नळीवरची छोटी गोळी बोटाने फिरवली की टक टक होते, रात्री ती पाणी प्यायची तसं. कधीतरी फिरवते.

———

चार_आणि_तीन

आधी तिळ्याबद्दल लिहितो कारण त्याला वेळ कमी आहे.

तो खातोय का ते बघा, म्हणजे गवत कमी होतंय का आणि लेंड्या रोजच्याएवढ्या आहेत का. यांचं पोट सतत चालू राहावं लागतं, बारा तास काहीच खाल्लं नाही तर उद्या बघू म्हणायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. ढब्बूच्या दुःखात हे मागे पडू शकतं, आमच्याकडे पडत होतं म्हणून आवर्जून सांगतोय. वजन सध्या रोज करा. दुसऱ्या वहीत केलं तरी चालेल.

कळपाचा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ सालापासून नियमच आहे की गिनी पिग एकटा ठेवायचा नाही, सोबत पाहिजेच. त्यामुळे तो कोपऱ्यात बसतो याचं नवल नाही, त्याला आजवर एकटं झोपायची वेळच आली नाहीये. तुम्ही कितीही जवळ घेतलं तरी तुम्हाला त्याची भाषा येत नाही. आम्ही मऊ खेळणं ठेवून बघितलं होतं, दोन दिवस त्याला चिकटून बसला आणि तिसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे पाठ करून बसायला लागला.

ढब्बू गेल्यावर तिळ्याला दाखवलं होतं का? आम्ही दाखवलं. मोठ्याला टॉवेलवर ठेवून धाकट्याला शेजारी सोडलं. त्याने वास घेतला, नाकाने ढकललं, मग बराच वेळ शेजारी बसला आणि शेवटी उठून गवत खायला गेला. त्यानंतर त्याने शोधलं नाही. त्याच्या आधीच्या वेळी आम्ही न दाखवता नेलं होतं तेव्हा मागे राहिलेली तीन-चार दिवस सगळीकडे हाका मारत फिरत होती, ते ऐकवत नव्हतं. दाखवलं नसेल तर आता ढब्बूच्या फ्लीसचा (खाली अंथरायच्या मऊ कापडाचा) एखादा तुकडा न धुता राहू द्या त्याच्याजवळ.

नवीन सोबती आणाल तेव्हा (आणाल का विचारत नाही, तिळ्यासाठी आणावा लागेल असं माझं स्पष्ट मत आहे) दोघांनाही अनोळखी अशा मोकळ्या जागेत भेट घडवा, मध्ये गवताचा ढीग. मोठ्या नराला लहान नर बहुतेक वेळा चालतो. अंगावर चढणं, घुरघुरत कंबर हलवत फिरणं याला घाबरू नका, ते त्यांचं कोण मोठा ते ठरवणं चालू असतं. दात वाजवायला लागले आणि मानेवरचे केस उभे राहिले की मध्ये टॉवेल टाकायची तयारी ठेवा, हात घालू नका. रक्त आलं तर वेगळे करा.

ढब्बूबद्दल मला नीट लिहिता येणार नाही. आमचा मोठा पण दाढांनीच गेला.

———

सरळ_रेघ

माझं मत थोडं वेगळं आहे. राग मानू नका.

वही काढून टाका. मी आमच्या दोघींच्या वेळी त्याच आठवड्यात सगळं आवरलं, पिंजरा, वाट्या, बोगदे, उरलेलं गवत सगळं एका संस्थेला दिलं जिथे सोडून दिलेले गिनी पिग सांभाळतात. ते गवत दुसऱ्या कोणीतरी त्याच दिवशी खाल्लं असेल हे मला कुठल्याही फोटोपेक्षा बरं वाटलं. रोज रिकामा पिंजरा बघून मी आजारी पडलो असतो. प्रत्येकाला जपून ठेवून बरं वाटतंच असं नाही, हे कोणीतरी सांगायला हवं म्हणून सांगतोय. त्या पाच आकड्यांनी तुम्हाला नऊ दिवसात काय दिलंय?

———

दवाखान्यातली

मी प्राण्यांची डॉक्टर आहे, लहान प्राणी जास्त बघते. ढब्बूला मी तपासलेलं नाही त्यामुळे त्याच्या केसबद्दल बोलत नाही पण त्या पाच आकड्यांबद्दल बोलते, कारण असे आकडे घेऊन लोक माझ्यासमोर रडलेले आहेत.

११२४ ते १११८, सहा ग्रॅम. हे काहीच नाही, लघवी करून आला तरी एवढा फरक पडतो. १०९०, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम. सकाळी पोट भरलेलं असताना आणि संध्याकाळी उपाशी असताना एकाच दिवसात वीस-तीस ग्रॅमचा फरक निरोगी प्राण्यातही दिसतो. १०६१ ला मात्र सलग तीन आठवडे खाली आलंय असं दिसतं, आणि इथे मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, त्या रविवारी तुम्ही आला असतात तर मी तोंडात बघितलं असतं. पण तो धावत येत होता. घास टाकून देतोय म्हणजे दाढा, हे जोडता येण्यासाठी आधी एकदा तरी ते बघितलेलं असावं लागतं. दाढा घरी दिसत नाहीत. यांचं तोंड अरुंद, गाल आतून भरलेले, आम्हालाही उपकरण घालून बघावं लागतं आणि नीट बघायचं तर भूल लागते. वीस दात, सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढणारे, बाहेरून दिसतात ते चार.

आणि तो लपवत होता, हे विसरू नका. ज्याला मोठे प्राणी खातात असा प्राणी आजारी असल्याचं दाखवत नाही, दाखवलं की संपला. जिथे काही धोका नाही अशा तुमच्या घरात साडेपाच वर्षं राहूनही ते अंगातून जात नाही.

आधी कळलं असतं तर? कदाचित काही महिने मिळाले असते. पण एकदा दाढा अशा वळल्या की बहुतेकांना दर काही आठवड्यांनी परत भूल देऊन घासाव्या लागतात, आणि त्या वयात प्रत्येक भुलीत धोका असतो. बहुतेक गिनी पिग पाच ते आठ वर्षं जगतात. त्याला अजून बरीच वर्षं होती असं मनात धरून तुम्ही स्वतःला बोल लावत असाल तर तसं करू नका.

एक सांगू का. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक लोकांकडे वहीच नसते. "हल्ली थोडा बारीक वाटतो" एवढंच असतं. साडेपाच वर्षं दर रविवारी म्हणजे ती वही पावणेतीनशेच्या वर ओळींची असणार. त्यातल्या पाच वाचून तुम्ही थांबलाय, आणि त्याही मागून. पहिल्या पानापासून वाचून बघा, सवड मिळेल तेव्हा. मग ठेवायची का द्यायची ते ठरवा.

तिळ्याच्या दाढा मात्र तपासून घ्या. भाऊ आहे.

———

कान_टवकारून

आवाजाबद्दल लिहिते. फोन पुढे केला की बंद होतात हे अगदी खरं आहे, पण तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधताय असं मला वाटतं. त्याचे व्हिडिओ बघू नका. दुसऱ्या कशाचेही व्हिडिओ बघा जे त्याच खोलीत काढलेत. मुलीचे, वाढदिवसाचे, कोणाला पाठवायला काढलेले, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या आवाजाच्या क्लिपा पण. आणि हेडफोन लावून ऐका. माझ्या आईने मला फोनवर पाठवलेल्या एका लांबलचक क्लिपमध्ये, ती कुठलं तरी बिल भरायचं राहिलंय ते सांगतेय, आणि मागे आमची सोनपापडी गवत चावतेय. पावणेदोन मिनिटं. कर्र कर्र कर्र. ती क्लिप मी तीन ठिकाणी साठवून ठेवलीये.

घुर्रर्र मिळेलच असं सांगत नाही, तो आवाज खूप बारीक असतो. नाही मिळाला तर लिहून ठेवा. आवाज लिहिता येत नाही असं वाटतं पण येतो, कशासारखा होता, कुठे खाजवल्यावर यायचा, किती वेळ, तेव्हा डोळे कसे करायचा. आत्ता लिहा, नऊ दिवस झालेत, अजून सगळं ताजं आहे. मी सहा महिन्यांनी लिहायला बसले तेव्हा तिचं मागचं उजवं पाऊल पांढरं होतं का डावं यावर अडले होते आणि त्याचं मला जे वाटलं ते तुम्हाला वाटू नये.

———

निळी_छत्री

@सरळ_रेघ, राग नाही, तुमचंही पटलं. गवत देऊन टाकायचं मला सुचलंच नव्हतं, माझं तसंच पडून जुनं झालं.

———

ओली_सावली

सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचं होतं पण चार दिवस गेले मध्ये.

@चार_आणि_तीन, तिळ्याला दाखवलं नव्हतं. पहाटेची वेळ होती, आम्हाला काही सुचलं नाही. तुमचं वाचल्यावर ढब्बूचा टॉवेल, तोच, शेवटचा, कपाटातून काढून तिळ्याजवळ ठेवला. तो त्याच्याखाली शिरून बसला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही, मला वाटलं चूक केली. रात्री बाहेर आला आणि गवताच्या जागी गेला. दाढा तपासून आणल्यात, ठीक आहेत म्हणाले, दर तीन महिन्यांनी दाखवायचं ठरवलंय. सोबत्याचं बघतोय, संस्थेकडे एक लहान नर आहे, त्याची भेट पुढच्या आठवड्यात आहे. मला अजून तयार वाटत नाहीये पण तुम्ही म्हणालात तसं, हे माझ्यासाठी नाहीये.

@सरळ_रेघ, ढब्बूची औषधं, सिरिंजा आणि भरवायची पावडर न उघडलेली दोन पाकिटं दवाखान्यात देऊन आले. त्या सिरिंजा घरातून गेल्यावर मी पहिल्यांदा सलग झोपले. तेवढं तुमचं ऐकलं. वही नाही दिली.

@कान_टवकारून, घुर्रर्र नाही मिळाला. पण मुलगी दुसरीत असताना पाढे पाठ झाले म्हणून शाळेत पाठवायला काढलेला व्हिडिओ आहे, त्यात ती सातचा पाढा म्हणतेय आणि सात सक बेचाळीसला मागून ढब्बूची शिट्टी सुरू होते, कोणीतरी कोथिंबिरीची पिशवी उघडली असणार, आणि ती न थांबता म्हणत राहते आणि तो पण थांबत नाही, सात दाही सत्तरपर्यंत दोघं. तेव्हा आम्ही तो व्हिडिओ परत काढला होता, आवाज येतोय म्हणून. हा पुसायचा राहिला होता. मुलीने तो किती वेळा लावला ते मोजलं नाही मी. आणि घुर्रर्र लिहून ठेवलाय. पाऊण पान झालं.

डॉक्टर, वही पहिल्या पानापासून वाचली. मुलीला शेजारी घेऊन बसले, तिनेच म्हटलं. पहिली ओळ ३१२ ग्रॅम. चार वर्षांची होती तेव्हा ती, समासात तिने चित्रं काढलीयेत आणि ती मी पूर्ण विसरले होते. एका पानावर ढब्बूचे पाय काढलेत, पुढच्या पायांना चार चार बोटं आणि मागच्यांना तीन तीन, आणि शेजारी माझ्या अक्षरात "चूक, सगळीकडे चार हवीत" असं लिहून मग तेच खोडून "नाही, बरोबर आहे, मोजली" असं लिहिलंय. मला तो दिवस आठवला. त्याला उताणा धरून आम्ही दोघी बोटं मोजत होतो आणि तो चिडून पाय ओढून घेत होता. मधली कित्येक पानं नुसते आकडे आहेत, ९८०, ९८६, ९८१, काहीच घडत नाहीये, एकेका रविवारी तर घाईत पेन चालेना म्हणून पेन्सिलीने लिहिलेलं. ती पानं वाचायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

एका ठिकाणी ११८० आहे, त्यापुढे नवऱ्याने तीन उद्गारचिन्हं काढलीयेत.

शेवटच्या पाच ओळी पण वाचल्या. मुलीने विचारलं की यापुढे काय लिहायचं. मी म्हटलं तुला काय वाटतं. तिने ढब्बूच्या रकान्यात तारीख लिहिली, गेला त्या दिवसाची, आणि पुढे कानामागचा भोवरा काढला, फक्त भोवरा. मग तिळ्याला काट्यावर ठेवलं. परवा ८९९ होतं, आज ९०५ आहे. त्याच्या रकान्यात लिहिलं.